महिनाअखेरीची बिले आणि पाचारणाचा प्रश्न

वाचकाचे पत्र, थोडक्यात : ठाण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासद असलेल्या भगिनीने हे पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ४१ असून महापे येथील एका इंजिनिअरिंग कंपनीत त्या हिशेब विभागात वरिष्ठ पदावर आहेत. घरी पती, सासूबाई आणि दोन मुले आहेत. थोरला यंदा दहावीला आहे. मंडळीत झालेल्या मिशन रविवारी बाहेरून आलेल्या वक्त्यांनी १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची हकीकत सांगितली आणि शेवटी विचारले, "गेल्या वर्षभरात तुम्ही किती जणांना ख्रिस्ताकडे आणले?" तेव्हापासून या भगिनींचे मन थाऱ्यावर नाही. सकाळी साडेसातला घर सोडायचे, ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत उभ्याने महाप्याजवळची घणसोली गाठायची आणि रात्री आठला परतायचे, यात सुवार्तेला, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायला, वेळच उरत नाही, असे त्या लिहितात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सुवार्तेची पत्रके कित्येक वर्षे पडून आहेत. एकही कोणाला देण्याचा धीर झालेला नाही. हाताखालच्या एका मुलीची आई आजारी होती, तेव्हा "मी प्रार्थना करते" एवढेही तोंडून निघाले नाही. नोकरी सोडून जव्हारकडच्या एका मिशन वसतिगृहात पूर्णवेळ सेवेला जावे, असे आता त्यांच्या मनात आहे; पतींचा त्याला विरोध आहे. "मी देवाचे पाचारण, त्याने सेवेसाठी दिलेली हाक, टाळते आहे का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी, सलाम.

तुम्ही राजीनाम्याविषयी विचारले आहे आणि त्याचे उत्तर मी देईनच. परंतु तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. वेळ का मिळत नाही हे सांगताना तुम्ही म्हणता, "महिनाअखेरीस कंत्राटदारांची बिले अडवून ठेवणे आणि त्यांचे फोन टाळणे हेही मलाच करावे लागते." या वाक्याकडे मला सविस्तर यायचे आहे. त्याआधी वक्त्यांच्या त्या प्रश्नाचा विचार करू, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे.

"किती जणांना आणले?" हा प्रश्न ऐकणाऱ्याला हलवून सोडतो यात शंका नाही. तथापि तो १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या लोकांना विचारला असता, तर पुढची कित्येक वर्षे त्यांना मान खाली घालूनच बसावे लागले असते. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना घातला, मराठी शिकून घेतली; बाप्तिस्मा घेणारे मात्र फारच थोडे होते. आपल्या मंडळ्यांचा इतिहास ज्या कामापासून सुरू होतो, ते काम या मापाने मोजले तर नापास ठरते, तेव्हा मापाकडेच जरा संशयाने पाहायला हवे. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे येशूने शोमरोनातल्या विहिरीपाशी शिष्यांना सांगितले, आणि वाढवणारा देव आहे हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले. वर्षाचा ताळेबंद मांडण्याची सवय हिशेबनिसाला असते, हे मी समजू शकते. पण या खात्याची बेरीज करणे तुमच्याकडे सोपवलेले नाही.

त्या चार धर्मबंधूंच्या हकिकतीतही एक गोष्ट बहुधा व्यासपीठावरून सांगायची राहून गेली. ते ठाण्यात उतरले तेव्हा त्यांना घरात जागा देणारी ख्रिस्ती कुटुंबे येथे आधीपासून राहत होती. ती पूर्वेकडच्या प्राचीन, नेस्टोरियन म्हटल्या जाणाऱ्या मंडळीची होती. ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथेच पोट भरत होती, शेजाऱ्यांत मिसळून राहत होती आणि दारी आलेल्या परक्याला जेवू घालत होती. धर्मबंधूंची नावे इतिहासात राहिली, यजमानांची फारशी राहिली नाहीत. त्या हौतात्म्याचे मोल मला कमी करायचे नाही. परंतु त्या हकिकतीत तुम्ही स्वतःला ज्या पात्राच्या जागी ठेवून पाहिलेत, त्याच्याखेरीज दुसरेही एक घर तिच्यात आहे, आणि कुटुंब, नोकरी, सासूबाई आणि दहावीचा मुलगा असलेल्या स्त्रीने त्या घराकडेही पाहायला हवे.

आता पाचारणाविषयी. तुम्हाला जे वाटते आहे ते पाचारण आहे की अपराधीपणा, हे मी येथे बसून सांगू शकत नाही. पण दोहोंची ओळख थोडी वेगळी असते. अपराधीपणा माणसाला कोठून तरी पळवतो, म्हणून त्याला घाई असते आणि नेमके काय करायचे याचे उत्तर त्याच्याजवळ अस्पष्ट असते. तुमच्या पत्रात महाप्याचे वर्णन चांगले पानभर आहे आणि जव्हारचे दीड ओळींत. त्या वसतिगृहात किती मुले आहेत, तेथे कोणत्या कामाला माणूस हवा आहे, तेथील अधीक्षकांशी तुमचे बोलणे झाले आहे का, यातले काहीच त्यात नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात बर्णबा आणि शौल यांची अंत्युखियातून पाठवणी झाली, ती उपास आणि प्रार्थना करणाऱ्या मंडळीकडून झाली. ते दोघे एका भाषणानंतर एकटेच उठून गेले नव्हते. तेव्हा पहिली पायरी म्हणून तुमच्या पाळकांशी आणि तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या दोघा-तिघांशी बोला. त्यांनाही तुमच्यात हेच दिसते आहे का, ते विचारा, आणि मुलाच्या परीक्षेपर्यंत थांबल्याने ही ओढ विझते की वाढते, तेही पाहा. खरे पाचारण एका वर्षाच्या थांबण्याने मरत नाही.

आणि आता ते वाक्य. तुम्ही ज्या बिलांविषयी लिहिता त्यांत कोणाकोणाची बिले असतील, याचा मला थोडा अंदाज आहे. टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही मध्यम कंपनीप्रमाणे तुमच्याकडेही साफसफाईचा ठेकेदार असेल, सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी असेल, कँटीनवाला असेल, रबाळ्यात किंवा तुर्भ्यात दोन लेथ टाकून सुटे भाग बनवून देणारा छोटा कारखानदार असेल. मोठ्या पुरवठादाराचे पैसे थकले तर तो माल थांबवतो, म्हणून त्याला आधी मिळतात. लहान माणूस फक्त फोन करू शकतो, म्हणून तो मागे राहतो. ठेकेदाराचे बिल दीड महिना लांबले की त्याच्याकडच्या झाडूवाल्या बाईचा पगार लांबतो. ही साखळी जेथे अडते त्या कडीवर तुमची सही आहे. "मला सुवार्तेसाठी जागाच नाही" असे ज्या स्त्रीला वाटते, तिच्या टेबलावर दर महिन्याला हा प्रश्न येऊन पडतो, याचे मला खरोखर आश्चर्य वाटले.

शास्त्राने या विषयावर मौन बाळगलेले नाही. मजुराची मजुरी रात्रभरदेखील आपल्याकडे ठेवू नये, असे बायबलमधले लेवीय हे पुस्तक सांगते, आणि धनवान शेतमालकांनी अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे, असे याकोब लिहितो. त्याहून मला तुमच्या बाबतीत लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय आठवतो. योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे जकातदार आले आणि "आम्ही काय करावे?" असे त्यांनी विचारले. जकातदाराचा धंदा त्या काळी किती बदनाम होता हे आपण जाणतो. तरीही योहानाने त्यांना नाका सोडून अरण्यात या, असे सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. शिपायांनाही त्याने शिपाईगिरी सोडायला लावली नाही. कोणावर जुलूम करू नका आणि आपल्या पगारात तृप्त राहा, असे बजावले. पश्चात्तापाचे फळ त्याने प्रत्येकाकडून त्याच्या त्याच्या कामाच्या जागीच मागितले.

तुम्ही म्हणाल, पैसे द्यायचे की नाही हे वरचे लोक ठरवतात, मी फक्त अंमल करते. ते खरे असेल. पण हिशेब खात्यातल्या वरिष्ठ व्यक्तीच्या हाती बरेच काही असते, आणि येथे तुमच्या बाजूला कायदाही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकांचे आणि सेवा पुरवठादारांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि करार असला तरी ती मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही अशी मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाचा खर्च म्हणून वजा मिळत नाही. शिवाय ठेकेदाराने कामगारांची मजुरी थकवली, तर ती भागवण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर, म्हणजे काम करून घेणाऱ्या कंपनीवर, येते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. म्हणून येत्या महिन्यात थकीत देण्यांची एक यादी करा. कोणता पुरवठादार नोंदणीकृत आहे, कोणाची मुदत उलटली आहे, व्याजाचा आणि कराचा बोजा किती होतो आणि कोणत्या बिलावर कामगारांचे पगार अवलंबून आहेत, हे तिच्यात दाखवून ती तुमच्या वरिष्ठांपुढे ठेवा. बायबलचे वचन तिच्यात घालण्याची काही गरज नाही. पैसे कमी पडतील त्या महिन्यात ज्यांच्या बिलामागे मजुरी आहे त्यांना आधी द्यावे, असा क्रम सुचवा. मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत हाती पडायला हवी, तेव्हा ठेकेदाराचे बिल त्याआधी सुटेल असे वेळापत्रक मागा. आणि फोन उचला. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे सांगण्याऐवजी खरी तारीख सांगा. ती तारीख लांबची असली, तरी त्या माणसाला आपल्या घरचे गणित मांडता येते.

यावर एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे. हे तर कोणताही प्रामाणिक अकाउंटंट करील, मग यात ख्रिस्ती ते काय? तुमच्याच विभागात एखादे हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान सहकारी हेच काम निष्ठेने करत असतील, आणि त्याबद्दल आपण देवाचे आभार मानावेत. चांगुलपणाचा मक्ता आपल्याकडे नाही. तुम्ही ते करायचे, कारण तुम्हाला ज्याला जाब द्यायचा आहे तो प्रभू आहे. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिले ते दासांना उद्देशून, म्हणजे ज्यांना राजीनामा देण्याची सोयच नव्हती अशा लोकांना, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. मात्र त्या ठेकेदाराने किंवा त्या झाडूवाल्या बाईने उद्या आपले ऐकावे म्हणून आज तिचे पैसे सोडवायचे, असा हिशेब मनात शिरू देऊ नका. गळाला लावलेल्या आमिषासारखी दया माणसाचा अपमान करते, आणि लोकांना ती बरोबर ओळखता येते. तिचे पैसे ते तिचे आहेत म्हणून द्यायचे.

मी तुम्हाला बोलण्यापासून सुटका देते आहे, असे मात्र समजू नका. काही मंडळी "माझे जीवन हीच माझी साक्ष" असे म्हणून जन्मभर तोंड मिटून बसतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा नम्रतेपेक्षा संकोचच असतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याची मोठी समंजस रीत दिली आहे : आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास सदैव तयार असावे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे. यात विचारणारा आधी येतो. ड्रॉवरमधली पत्रके वाटण्याचा धीर तुम्हाला झाला नाही, त्याचे मला फारसे दुःख नाही. ज्यांचे अप्रेझल तुमच्या हातात आहे, त्यांच्या टेबलावर वरिष्ठांनी पत्रक ठेवले तर त्यांना "नको" म्हणणे अवघड जाते, आणि ज्या श्रोत्याला नकार देता येत नाही त्याच्यापुढे सुवार्ता मांडणे मला बरे वाटत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले. कायद्याचे भय दाखवण्यासाठी मी हे लिहीत नाही. ऐकणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीला मोकळे ठेवणे ही आपल्या विश्वासाचीही मागणी आहे.

आई आजारी असलेल्या त्या मुलीची गोष्ट निराळी आहे. तिला पत्रकाची गरज नव्हती. आईला कोठे ठेवले आहे, रात्री सोबतीला कोण असते, अर्ध्या दिवसाची सुट्टी मंजूर करू का, हे विचारण्याची होती. ते विचारल्यावर "मी तुझ्या आईसाठी घरी प्रार्थना करीन, चालेल ना?" हे वाक्य आपोआप आले असते आणि ती बहुधा "हो ताई" म्हणाली असती. अजून वेळ गेलेली नाही. उद्या चहाच्या वेळी तिच्या आईची चौकशी करा आणि पुढचे काय ते तिच्या बोलण्यावरून ठरवा. ट्रेनमधल्या प्रवासाचा तास वाया जातो, असेही तुम्ही लिहिले आहे. परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तर खुशाल डोळे मिटा. दिवसाचा प्रत्येक तास सेवेच्या नावे जमा झालाच पाहिजे, असा नियम देवाने केलेला नाही. त्याने तर एक सबंध दिवस विसाव्यासाठी राखून ठेवला.

जव्हारचे दार मी बंद करीत नाही. यरुशलेम, यहूदिया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट, असा क्रम प्रभूने शिष्यांपुढे ठेवला, त्यात घराजवळचे आहे तसे दूरचेही आहे. फक्त तेथे कोणत्या नात्याने जायचे, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. तुमच्या मनात मुलांना गीते शिकवणारी, त्यांच्या वेण्या घालणारी मावशी आहे. ते काम करणाऱ्या गावातल्या स्त्रिया तेथे असतीलच. पण गावाकडच्या लहान संस्था, वसतिगृहे, दवाखाने यांना एका गोष्टीची फार वानवा असते आणि ती नेमकी तुमच्याकडे आहे. देणग्यांच्या पावत्या, लेखापरीक्षणाची तयारी, आयकर सवलतीच्या नोंदणीचे नूतनीकरण, परदेशी देणगी येत असेल तर दिल्लीच्या स्टेट बँकेतले ते ठरावीक खाते आणि दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे विवरणपत्र, या जंजाळात चांगल्या चांगल्या संस्था अडकतात. नोंदणी एकदा गेली की मुलांच्या जेवणाचे पैसे थांबतात.

हिशेब हे दुय्यम काम आहे, असे वाटत असेल तर प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढून पाहा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार आली, तेव्हा त्या वाटपावर नेमायला पवित्र आत्म्याने भरलेली सात माणसे निवडली गेली आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. स्तेफन त्यांतला एक होता. पुढे यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना, या रकमेवरून आपल्यावर कोणी दोष ठेवू नये, म्हणून पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली आणि देवासमोर तसेच माणसांसमोर जे योग्य ते करण्याची दक्षता बाळगतो, असे लिहून ठेवले. मंडळीला आदर्श लेखापरीक्षण याहून नीट कोणी सांगितलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी, की राजीनामा बाजूला ठेवा आणि दिवाळीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस त्या वसतिगृहाच्या वह्या तपासून द्यायला जा. जाण्याआधी अधीक्षकांना फोन करून त्यांना काय हवे आहे ते विचारा. तुम्हाला काय द्यावेसे वाटते ते नंतर. शक्य असेल तर मुलांना बरोबर न्या. तेथून परतल्यावर महिन्यातून एखादा शनिवार ऑनलाइन त्यांचे काम पाहता येईल. दोन-तीन वर्षे हे नेटाने केल्यावरही तेथेच राहावेसे वाटले, तर तेव्हाचा निर्णय माहितीवर उभा असेल.

पतींविषयी तुम्ही थोड्या कडवटपणे लिहिले आहे. त्यांना सेवेची कळकळ नाही, असा तुमचा समज दिसतो. घराचे हप्ते, आईचे औषध आणि मुलाची अकरावी यांची काळजी वाहणाऱ्या माणसाला कळकळ नाही, असे मी म्हणणार नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला या बाबतीत एक उदाहरण जवळचे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने काय कोसळले आणि पुढची वर्षे त्यांनी माहेरच्या माणसांच्या आधाराने कशी काढली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, सावकाश, आतून पटल्यावर. टिळकांच्या थोरवीविषयी मला आदर आहे, पण घरच्या माणसाला मागे टाकून गाठलेल्या निर्णयाची किंमत घरच्या माणसानेच भरली, हेही त्याच पानांवर आहे. तुमच्या घरात विश्वासाचा भेद नाही, फक्त गतीचा आहे. एका रविवारी उपासनेनंतर दोघे कागद घेऊन बसा : कर्ज किती उरले आहे, एका पगारात घर चालेल का, सासूबाईंना कोण पाहील. त्यांचा नकार आकड्यांना आहे की कल्पनेलाच आहे, हे तेव्हा कळेल. दिवाळीतल्या आठ दिवसांना ते नाही म्हणतील, असे मला वाटत नाही.

अशाच अर्थाची पत्रे इतरही वाचकांकडून येतात, म्हणून चार शब्द त्यांच्यासाठी. शाळेत शिकवणाऱ्यांनी वर्गातल्या सर्वांत मागे पडलेल्या मुलाला शाळेत किती वेळ मिळतो, ते पाहावे. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा अन्यत्र परिचारिका असलेल्यांनी मुरबाड-शहापूरहून आलेल्या नातेवाइकांना कोणता कागद कोठे द्यायचा हे दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर कोणत्या स्वरात मिळते, याकडे लक्ष द्यावे. सोसायटीच्या कमिटीवर असलेल्यांनी घरकाम करणाऱ्या बायकांना लिफ्ट वापरू दिली जाते का, ते विचारावे, आणि निवृत्तांनी गावाकडच्या संस्थेला आपले जुने कसब देऊ करावे. प्रत्येकाच्या हाताखाली, सहीखाली किंवा किल्लीखाली काहीतरी असतेच. तेथून पाहायला सुरुवात करावी.

तुमच्या पाळकांची भेट घ्याल, तेव्हा त्यांना आणखी एक विचारा : पुढच्या मिशन रविवारी वक्त्यांच्या बरोबरीने मंडळीतल्याच दोघा-तिघा नोकरदारांना आपल्या कामाविषयी दहा-दहा मिनिटे बोलू द्याल का? आणि थकीत देण्यांची यादी शक्यतो २० तारखेच्या आत पूर्ण करा, कारण महिनाअखेरीच्या धांदलीत ती वाचायला तुमच्या वरिष्ठांना सवड होणार नाही.